उस्ताद हद्दूखाँ : दोन कंठांचे एक गाणे

ग्वाल्हेर आणि संगीत हे शब्द एकत्र उच्चारले की प्रत्येकाच्या मुखी प्रथम तानसेनाचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. दरवर्षी डिसेंबर महिन्यात त्या महागायकाच्या समाधीपाशी हरिकथा व मिलाद होऊन समारोहास आरंभ होतो आणि देशोदेशीचे कलावंत तेथे आपली सेवा रुजू करतात. परंतु विद्यार्थी मित्रांनो, तानसेन गात असे ते ध्रुपद. आज पुण्यामुंबईच्या मैफलीत किंवा आकाशवाणीवर आपण जे ख्यालगायन ऐकतो, त्याला वळण लावणारे पुरुष वेगळे होते. तेही याच नगरीत वाढले आणि याच नगरीत नावारूपाला आले. त्यांच्यात अग्रगण्य होते उस्ताद हद्दूखाँ. त्यांचे चरित्र सांगू लागले की त्यांच्या बंधूंचे, हस्सूखाँचे, चरित्र त्यात आपोआप येते; कारण हे दोघे भाऊ जोडीने गात आणि लोक त्यांची नावेही जोडीनेच घेत. त्या जोडगाण्याचे पुढे काय झाले, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

सन १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी आपली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरास आणली. किल्ल्याच्या दक्षिणेस त्यांच्या फौजेची छावणी पडली, आणि तंबूंच्या जागी हळूहळू वाडे, देवळे व बाजार उभे राहून तिचेच शहर झाले. ते आजचे लष्कर होय. फौजेबरोबर कारकून आले, भिक्षुक आले, कीर्तनकार आले, आणि चंबळेच्या या मुलखात मराठी भाषेने आपले बिऱ्हाड थाटले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्याच काळात येथे आलेले आहेत. शिंदे सरकारांना तलवारीइतकाच तंबोराही प्रिय असल्यामुळे उत्तर हिंदुस्थानातील गुणी मंडळींचे पाय ग्वाल्हेरकडे वळू लागले.

त्या गुणीजनांत लखनौचे नत्थन पीरबक्ष हे वृद्ध गवई होते. ख्यालगायकांच्या दोन घराण्यांत लखनौस मोठे वैर माजले होते आणि त्या वैरापायीच त्यांनी ते शहर सोडले, असे परंपरेने सांगतात. त्यांचे चिरंजीव कादरबक्ष अकाली निवर्तल्यामुळे हद्दू, हस्सू व नत्थू या नातवंडांच्या शिक्षणाचा भार आजोबांवरच पडला. आजोबांनी मुलांना स्वर आणि ताल यांची पक्की बैठक दिली. पहाटे उठून षड्ज लावावा, एक एक स्वर घोटून घ्यावा, चीज जशी शिकविली तशीच तोंडपाठ म्हणावी आणि मगच तिचा विस्तार करावा, असा तो क्रम होता. पोरांचे कंठ तेजस्वी होते आणि आजोबांची शिस्त कडक होती.

त्याच सुमारास दरबारात बडे महंमदखाँ नावाचे गवई होते. त्यांची तान ऐकून भलेभले थक्क होत. ती तीन सप्तकांतून विजेसारखी कोसळे. परंतु ते ज्या घराण्याचे, त्याच घराण्याशी नत्थन पीरबक्षांचे जुने वैर होते. त्यामुळे आपली विद्या या मुलांच्या कानी पडू नये अशी त्यांची खबरदारी असे. मुलांचे गुण पाहून सरकारांच्या मनात आले की या कंठांत ती तान उतरली तर काय बहार होईल! तेव्हा एक युक्ती योजण्यात आली. बडे महंमदखाँ गावयास बसले की दोघा भावांना पडद्याआड बसवावे आणि त्यांनी ते गाणे मुकाट्याने ऐकून घ्यावे. असे अनेक महिने चालले. दिवसा जे ऐकावे ते रात्री घरी घोळावे, एकाला आठवेल ते दुसऱ्याने पुरे करावे, एकाची चूक दुसऱ्याने दाखवावी. अशा रीतीने ती दुर्लभ तान त्या दोघांनी मिळून आत्मसात केली.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ही विद्या चोरून घेतलेली होती. ज्याची ती होती त्याच्या मनाविरुद्ध ती घेतली गेली होती. कथा सांगणारे मुलांच्या हुशारीचे कौतुक करतात आणि पुढे जातात. परंतु पडद्याआड बसून शिकावे लागणे यात शिकणाराचेही थोडे दुःख आहे. शंका आली तरी विचारता येत नाही, चुकले तरी कोणी सुधारीत नाही, आणि ज्याच्यामुळे आपण मोठे होतो त्याला गुरू म्हणून वंदनही करता येत नाही. हद्दूखाँच्या पुढील आयुष्याचा विचार करताना हा पडदा आपण विसरू नये.

यथाकाल दोघे बंधू भर दरबारात गावयास बसले. जोडीने गाणे म्हणजे काय, हे ज्यांनी ऐकले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पाश्चात्य संगीतात दोन गायक एकाच वेळी दोन वेगळ्या स्वरावली गातात आणि त्यांचा मेळ साधतात. आपल्याकडील जोडगायनात राग एक, चीज एक, ताल एक आणि गाणेही एकच. एकाने अस्थायी भरावी, दुसऱ्याने तिच्या अखेरच्या स्वरावर हळूच पाय ठेवून पुढची वाट चालावी. एक तार सप्तकाकडे झेपावला तर दुसऱ्याने खाली मध्य सप्तकात स्वर धरून ठेवावा. एकाचा दम संपत आला की दुसऱ्याने त्याच श्वासात तान उचलावी आणि समेवर दोघांनी एकदम यावे. यात आपले मोठेपण दाखविण्याची हाव सुटली की गाणे फाटते. दुसऱ्याला वाट देता आली पाहिजे आणि वेळेवर गप्पही बसता आले पाहिजे. सख्ख्या भावांचेही यात सूर जुळतातच असे नाही. या दोघांचे मात्र असे जुळले की दोन मुखांतून एकच गवई गात आहे असा भास व्हावा.

बडे महंमदखाँनी ते गाणे ऐकले आणि आपली विद्या कोणत्या वाटेने गेली हे त्यांनी ओळखले. त्यांचा संताप स्वाभाविक होता. पुढची कथा ग्वाल्हेरच्या गवयांच्या घरोघरी पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली आहे. एकदा मैफलीत बडे महंमदखाँनी वरवर कौतुक करीत हस्सूखाँना मियाँमल्हार रागातील एक अत्यंत कठीण, विजेच्या कडकडाटाची तान घेण्याची फर्माईश केली. हस्सूखाँनी ती एकदा घेतली. आग्रह झाला तशी ती पुन्हा घेऊ लागले, आणि तिच्या जोराने छातीवर असह्य ताण येऊन त्यांच्या मुखातून रक्त आले. वृद्ध आजोबा जवळच होते. त्यांनी आपल्या शेल्याने नातवाचे तोंड पुसले आणि मरावयाचेच असेल तर तान पुरी करून मर, असे बजावले. हस्सूखाँनी ती तान समेवर आणून सोडली. पुढे बडे महंमदखाँ ग्वाल्हेर सोडून रीवा दरबारी गेले.

दंतकथेत भर पडत जाते हे खरे. परंतु तिच्यात एका खऱ्या गोष्टीची खूण आहे. ती म्हणजे स्पर्धेच्या पायी गाण्याचा कसा बळी पडतो ही. हस्सूखाँ आपल्या बंधूंच्या पुष्कळ आधी, सन १८५९ च्या सुमारास, निवर्तले. हद्दूखाँना त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांचे आयुष्य लाभले. ज्याने जन्मभर अर्धेच गाणे गावयाचे आणि उरलेले अर्धे शेजाऱ्याने पुरे करावयाचे असा सराव केला, त्याला एकट्याने पूर्ण गाणे गाताना काय वाटले असेल? दम संपला की उचलून घेणारा कंठ आता शेजारी नव्हता.

त्या काळी गादीवर जयाजीराव शिंदे होते. सन १८४३ ते १८८६ हा त्यांचा कारकीर्दीचा काळ. त्यांना गाण्याची विलक्षण आवड असे. बंधू नत्थूखाँ यांच्यापाशी महाराजांनी स्वतः तालीम घेतली असे सांगतात. अशा दरबारात हद्दूखाँचा मान मोठा होता. परंतु दरबारातील मानापेक्षा त्यांचे खरे कार्य घराच्या ओसरीवर चालले होते. त्यांच्या घराण्यात एक विद्यापीठच भरले होते आणि त्यात शिकणारे पुष्कळसे विद्यार्थी दक्षिणेकडून आलेले मराठी ब्राह्मण होते.

वासुदेवबुवा जोशी हे हस्सूखाँचे नामांकित शिष्य. बाबा दीक्षितही त्यांच्याच तालमीत तयार झाले. देवजीबुवा परांजपे यांनी ही गायकी धार येथे नेली. विष्णुपंत छत्रे हे हद्दूखाँचे शिष्य. धर्म वेगळा, भाषा वेगळी, खाणेपिणे वेगळे. तरीही उस्तादांनी या मुलांना आपली विद्या दिली. ती सुखासुखी मिळत नसे. वर्षानुवर्षे सेवा करावी लागे आणि एकच चीज महिनोन् महिने घोटावी लागे. पण पडदा मात्र नव्हता. शिष्याने समोर बसावे, चुकावे, बोलणी खावीत आणि पुन्हा गावे. ज्या घराने आपली सर्वांत मोठी विद्या लपून मिळविली, त्याच घराने ती समोर बसवून वाटली, ही मला हद्दूखाँच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

ही गायकी कशी होती? ग्वाल्हेरचा गवई प्रथम चीज तिच्या अस्थायी-अंतऱ्यासह नीट मांडतो. मग रागाचा विस्तार करतो. त्याचा आवाज मोकळा व भरदार असतो. तो यमन, भूप, हमीर, केदार, छायानट, गौडसारंग असे सर्वांच्या ओळखीचे राग प्रेमाने गातो. आलाप, बहलावे, बोलताना आणि शेवटी वरून खाली सरळ धावणाऱ्या सपाट ताना यांची एकमेकांत चढाओढ होऊ देत नाही. प्रत्येक अंगाला त्याची जागा आणि प्रत्येकाला वेळ. जोडगाण्यातील शिस्तच जणू एका गळ्यात उतरली आहे, असे हे गाणे ऐकताना मनात येते. पुढे आग्रा, जयपूर, किराणा इत्यादी घराणी नावारूपास आली. परंतु ख्यालाच्या घराण्यांत ग्वाल्हेरचे घराणे सर्वांत जुने म्हणून त्याला गंगोत्रीचा मान दिला जातो.

सन १८७५ मध्ये हद्दूखाँ पैगंबरवासी झाले. बीनकार बंदेअलीखाँ आणि सहस्वानचे गवई इनायत हुसेनखाँ हे त्यांचे जामात. छोटे महंमदखाँ आणि रहिमतखाँ हे त्यांचे पुत्रही उत्तम गवई होते. त्यांपैकी रहिमतखाँची कथा ऐकली म्हणजे विद्यादानाचे पुण्य कसे फळते हे कळून येते.

रहिमतखाँना ईश्वराने अलौकिक गळा दिला होता, पण मनाचे स्वास्थ्य दिले नव्हते. अफूचे व्यसन जडले, संसार नाही, घराचा आधार नाही. हिंडत हिंडत ते काशीस गेले आणि तेथे भ्रमिष्टासारखे दिवस कंठू लागले. हद्दूखाँच्या मुलाला ओळखणारे तेथे कोणी उरले नव्हते. इकडे विष्णुपंत छत्रे यांनी ग्वाल्हेरास गाण्याबरोबर अश्वविद्याही संपादन केली होती आणि सन १८८० च्या सुमारास हिंदी सर्कस काढून ते देशभर नाव मिळवीत होते. फिरत फिरत त्यांची सर्कस काशीस गेली असता त्यांना आपल्या गुरुपुत्राचा पत्ता लागला. त्या विपन्न माणसात त्यांनी आपल्या उस्तादांचा वारस पाहिला. त्यांनी रहिमतखाँना आपल्याजवळ ठेवून घेतले, त्यांच्या अन्नवस्त्राची व्यवस्था केली, त्यांचे लहरी वागणे सहन केले आणि त्यांना पुन्हा गाते केले. सर्कशीच्या मुक्कामांबरोबर रहिमतखाँचे गाणे गावोगाव पोचले. भूगंधर्व या नावाने ते ओळखले जाऊ लागले. विष्णुपंतांच्या पश्चात त्यांचे बंधू काशीनाथपंत यांनी हे व्रत पुढे चालविले. सन १९२२ मध्ये रहिमतखाँचे देहावसान दक्षिण महाराष्ट्रातील कुरुंदवाड येथे झाले. हद्दूखाँनी एका मराठी मुलाला जे दिले, ते त्या मुलाने गुरूच्या लेकराला सांभाळून परत केले.

त्याच कुरुंदवाडात सन १८७२ मध्ये आणखी एका मुलाचा जन्म झाला होता. या प्रवाहाची ती दुसरी धारा होय. कोल्हापूरकडील बाळकृष्ण नावाचा एक तरुण गाण्याच्या ओढीने घर सोडून निघाला. धारला देवजीबुवांकडे काही काळ राहिला, तेथेही निभाव लागला नाही, आणि अखेर वासुदेवबुवा जोशी यांच्या चरणांशी त्याला ठाव मिळाला. तेच पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) म्हणून प्रसिद्ध झाले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मिरजेस त्यांच्यापाशी एक मुलगा शिकावयास आला. फटाक्याच्या अपघाताने त्याची दृष्टी अधू झाली होती. तोच कुरुंदवाडचा विष्णू, म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. सन १९०१ मध्ये त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीताला शाळेचे, वर्गाचे व पाठ्यपुस्तकाचे रूप दिले. आता ओसरीदेखील पुरेना. गाणे सर्वांसाठी खुले झाले.

विष्णु दिगंबरांच्या शिष्यांत विनायकराव पटवर्धन (१८९८-१९७५) आणि नारायणराव व्यास (१९०२-१९८४) हे दोघे गुरुबंधू होते. दोघेही स्वतंत्रपणे मोठे गवई. परंतु रसिकांना त्यांची विशेष आठवण राहिली ती त्यांच्या जुगलबंदीमुळे. रक्ताचे नाते नसता हे दोघे एका व्यासपीठावर बसून एकच ख्याल गात आणि सम आली की दोघांच्या माना एकदम डोलत. त्यांच्या जोडगायनाची ध्वनिमुद्रणे आजही ऐकावयास मिळतात. ती ऐकताना मनात येते की शिंदे दरबारात दोन भावांनी जे गाणे मांडले होते, ते एकाचा कंठ थांबला म्हणून थांबले नाही. मधली चार पिढ्यांची वाट चालून ते पुन्हा दोघांचे झाले.

ग्वाल्हेरातही तो झरा आटला नाही. लष्करातील कीर्तनकार विष्णुपंत पंडित यांच्या घराशी खाँसाहेबांच्या घराण्याचा मोठा स्नेह होता. त्यांचे पुत्र शंकरराव व एकनाथराव यांना नत्थूखाँचे दत्तक पुत्र निसार हुसेनखाँ यांची दीर्घ तालीम लाभली. खाँसाहेबांनी आपल्या आयुष्याचा उत्तरकाळ या शिष्यांच्याच घरी काढला आणि त्या घराच्या रीतीभातींत ते इतके मिसळून गेले की लोक त्यांना कौतुकाने निसार भट म्हणत. शंकररावांचे पुत्र कृष्णराव पंडित (१८९३-१९८९) यांनी सन १९१४ मध्ये येथे गांधर्व विद्यालय काढले आणि पुढे त्यास वडिलांचे नाव दिले. सन १९१८ मध्ये माधवराव महाराजांच्या आश्रयाने व पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. राजाभैया पूछवाले यांनी तेथे अनेक शिष्य घडविले. सन २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे शहर म्हणून गौरविले, त्या गौरवात या सर्वांचा वाटा आहे.

एक गोष्ट सांगून हा लेख संपवितो. हद्दूखाँ गेले सन १८७५ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, सन १८७७ मध्ये, अमेरिकेत एडिसनने आवाज साठवून ठेवणारे यंत्र शोधून काढले आणि हिंदुस्थानात गाण्याच्या तबकड्या निघू लागल्या त्या सन १९०२ पासून. म्हणजे हद्दू-हस्सूखाँच्या त्या अपूर्व जोडगाण्याची एकही तबकडी नाही, एक सूरदेखील कोठे नोंदलेला नाही. पुत्र रहिमतखाँ यांचा आवाज मात्र त्यांच्या वृद्धापकाळी ध्वनिमुद्रित झाला आणि तो आपल्याला ऐकता येतो. तबकडी नसताना दोन गवयांचे गाणे दीडशे वर्षे टिकले ते कशाच्या बळावर? त्यांनी ते ज्यांना शिकविले त्यांच्या गळ्यांच्या बळावर. शिष्यांचे कंठ हीच त्यांची तबकडी. ती घासून झिजली नाही, उलट प्रत्येक पिढीत तिला नवा आवाज मिळत गेला.

विद्यार्थी मित्रांनो, एखादे गणित आपल्याला सुटले आणि शेजाऱ्याला सुटले नाही, तर वही झाकून घेण्याचा मोह होतो. तशा वेळी त्या दरबारातील पडदा आठवावा. बडे महंमदखाँही थोर गवई होते. पण त्यांनी जे झाकून ठेवले ते त्यांच्या नावाने फारसे उरले नाही, आणि हद्दूखाँनी जे वाटले ते घरोघर गेले. लष्करच्या एखाद्या गल्लीतून सायंकाळी जाताना वरच्या माडीवरून यमनाचे सूर कानी पडले, आणि गुरूने अर्धी सोडलेली ओळ कोवळ्या आवाजात कोणी मूल पुरी करीत असलेले ऐकू आले, तर क्षणभर थांबा. ते दोघांचे गाणे अजून चालू आहे.